वाचकांचे प्रश्न : बाहेरगावाहून परतलेला लॅपटॉप

प्रश्न : अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. कार्यालयात बारा संगणक आहेत आणि विक्री विभागातील पाच जणांकडे कंपनीचे लॅपटॉप आहेत. ही मंडळी महिन्यातील निम्मे दिवस मुंबई, सुरत, हैदराबाद अशी फिरतीवर असतात आणि लॉजचे, स्थानकावरचे किंवा व्यापाऱ्याच्या पेढीवरचे वाय-फाय वापरतात. दिवाळीनंतर अशाच एका परतलेल्या लॅपटॉपमधून व्हायरस आला आणि कार्यालयाच्या सामायिक फोल्डरमधील सगळ्या फाइली कुलूपबंद झाल्या. टॅलीमधील दोन महिन्यांच्या नोंदी आम्हाला पुन्हा भराव्या लागल्या. आता मालकांनी बाहेरचे वाय-फाय वापरण्यास पूर्ण बंदी घातली आहे. एवढे पुरेसे आहे का?
— लेखा विभागातील एक वाचक, सोलापूर

उत्तर : दोन महिन्यांची बिले पुन्हा काढून एकेक नोंद भरणे किती जिकिरीचे असते, हे मी जवळून पाहिले आहे, त्यामुळे मालकांची चिंता मला पूर्णपणे पटते. मात्र बंदीमुळे मूळ दुखणे बरे होणार नाही. लॅपटॉप बाहेर कोणत्या वाय-फायला जोडला गेला, याहून तो परत आल्यावर कार्यालयाने त्याला कसे आत घेतले, हा प्रश्न मोठा आहे.

बाहेरच्या वाय-फायचा धोका खरा आहे, पण पूर्वी सांगितला जाई तसा तो आता राहिलेला नाही. बँका, ईमेल आणि बहुतेक संकेतस्थळे आज सांकेतिक रूपात माहिती पाठवतात, त्यामुळे शेजारच्या टेबलावरून तुमचा पासवर्ड सहज वाचता येत नाही. उरतात ते तीन धोके : लॉजच्या नावासारखेच नाव देऊन कोणी उभे केलेले बनावट वाय-फाय, त्याच वाय-फायवरील दुसऱ्या संगणकाने तुमच्या उघड्या फोल्डरपर्यंत पोहोचणे, आणि ‘अमुक सॉफ्टवेअर अपडेट करा’ असे सांगणारी खोटी खिडकी. ही तिसरी युक्ती मोठ्या हॉटेलांत उतरणाऱ्या अधिकाऱ्यांवर वापरली गेल्याचे कॅस्परस्की या कंपनीने २०१४ मध्ये उघड केले होते. म्हणून विंडोज विचारील तेव्हा बाहेरच्या प्रत्येक वाय-फायला ‘पब्लिक’ हाच पर्याय द्यावा आणि प्रवासात कोणतेही अपडेट अचानक उघडलेल्या खिडकीतून घेऊ नये. ईमेलमधील खोटे बिल किंवा कोणाचा तरी पेनड्राइव्ह यांतून येणाऱ्या व्हायरसला तर वाय-फायची गरजच नसते. तिथे मालकांची बंदी काहीच अडवू शकत नाही.

आता परतीकडे येऊ. बाहेरून आलेले सूत आपण काउंट (सुताची जाडी) आणि ताकद तपासल्याशिवाय मागावर घेत नाही. लॅपटॉप मात्र पंधरा दिवस कुठे कुठे फिरून येतो आणि सोमवारी सकाळी सरळ मुख्य नेटवर्कला जोडला जातो. राउटरवरील फायरवॉल, म्हणजे नेटवर्कचा पहारेकरी, इंटरनेटच्या बाजूने येणाऱ्याला अडवते. बॅगेत घालून दारातून आत आणलेल्या यंत्राकडे ती पाहत नाही. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ या फाइली कुलूपबंद करणाऱ्या व्हायरसने हेच दाखवून दिले. विंडोजच्या फाइल-शेअरिंगमधील एका दोषाचा फायदा घेऊन तो एका संगणकावरून दुसऱ्यावर आपोआप जात होता, कोणी काही उघडण्याची आवश्यकताही नव्हती. त्या दोषाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिली होती, परंतु असंख्य ठिकाणी ती बसवलेलीच नव्हती.

म्हणून परतणाऱ्या लॅपटॉपसाठी वेगळे नेटवर्क ठेवावे. बहुतेक राउटरमध्ये पाहुण्यांसाठी स्वतंत्र वाय-फायची सोय असते. तिथे आधी जोडून अपडेट पूर्ण करावीत, अँटिव्हायरसची संपूर्ण तपासणी करावी आणि मगच आत घ्यावे. विंडोज १० चा नियमित सांभाळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला आहे. वाढीव सुरक्षा-अपडेटची नोंदणी नसलेले असे लॅपटॉप फिरतीवर पाठवू नयेत.

माझ्या मते आपल्या प्रकरणातील खरी चूक फोल्डरच्या परवानगीत आहे. विक्रीच्या माणसाला मालाचा साठा आणि ऑर्डर पाहायची असते; टॅलीच्या डेटा-फोल्डरमध्ये लिहिण्याचा अधिकार त्याला कशासाठी? फाइली कुलूपबंद करणारा व्हायरस साधारणपणे त्या लॉगइनला जेवढे बदलता येते तेवढेच बिघडवतो. तो अधिकार आजच काढून घ्या. लॅपटॉपवरील रोजचे खातेही साधे ठेवा, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड कार्यालयातच राहू द्या.

बॅकअपसाठी दोन बाह्य डिस्क आलटून पालटून वापराव्यात आणि काम होताच डिस्क काढून ठेवावी, कारण जोडलेली डिस्कही व्हायरसच्या हाती सापडते. एक डिस्क कारखान्याबाहेर असावी. महिन्यातून एकदा त्यातील डेटा दुसऱ्या संगणकावर परत उघडून पाहावा. न उघडलेल्या बॅकअपवर विसंबून फसलेले लोक मला वारंवार भेटतात.

बंदीच्या जागी प्रत्येकाला मोबाइल हॉटस्पॉटसाठी पुरेसा डेटा द्या. तो लॉजच्या वाय-फायहून निश्चित सुरक्षित आहे. पर्याय न देता घातलेली बंदी रात्री अकरा वाजता कोटेशन पाठवायचे असताना कोणी पाळत नाही. बाहेरून कार्यालयाच्या संगणकावर यायचेच असेल तर व्हीपीएन (इंटरनेटवरून कार्यालयापर्यंत जाणारी सांकेतिक, बंदिस्त वाट) आणि पासवर्डखेरीज मोबाइलवरील दुसरा कोड, दोन्ही हवेत. रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दुरून संगणक चालवण्याची सोय, थेट इंटरनेटवर उघडे ठेवणे, हे अनेक लहान कार्यालयांत मी पाहतो आणि प्रत्येक वेळी अस्वस्थ होतो. व्हीपीएनने वाट सुरक्षित होते. लॅपटॉप आधीच बाधित असेल तर ती बाधा त्याच वाटेने आत येते.

लॅपटॉप हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये विसरला तरी त्यातील दरपत्रके कोणाला वाचता येऊ नयेत, यासाठी डिस्कवरील माहिती सांकेतिक रूपात ठेवणारे विंडोज प्रोमधील बिटलॉकर चालू करावे आणि त्याची रिकव्हरी-की (अडचणीच्या वेळी डिस्क उघडणारा कोड) कार्यालयात जपून ठेवावी, लॅपटॉपच्या बॅगेत नव्हे. पुन्हा असा प्रकार घडल्यास यंत्र आधी नेटवर्कपासून तोडावे. एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत सर्ट-इन या सायबर सुरक्षा पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेला कळवणे कंपन्यांवर बंधनकारक आहे. यासाठी ज्याच्या हातून चूक झाली त्याने ती लगेच सांगायला हवी, आणि पगार कापला जाईल या भीतीने तो संध्याकाळपर्यंत गप्प राहिला तर तोवर शेजारचे संगणकही गेलेले असतात. मालकांशी बोलताना हा मुद्दा सर्वांत आधी मांडावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : मी जुळे सोलापूर येथील घरून पुण्याच्या कंपनीचे काम करते. संध्याकाळी मुलगा त्याच लॅपटॉपवर गेम खेळतो. घरचेच वाय-फाय असल्यामुळे काही धोका नाही ना?
— एक वाचक

उत्तर : धोका आहे. कंपनीच्या दृष्टीने आपले घरही बाहेरचेच नेटवर्क आहे. मुलाला दुसरे यंत्र द्यावे, कारण फुकट गेमसोबत आलेला व्हायरस आपल्या लॉगइननेच पुण्यापर्यंत जाऊ शकतो. राउटर बसवणाऱ्याने ठेवलेला मूळचा पासवर्ड आजच बदलावा, राउटरचे स्वतःचे अपडेट घ्यावे, आणि लॅपटॉपवर आजवर कोणकोणते गेम उतरवले गेले आहेत, हे कंपनीच्या संगणक विभागाला कळवून तो त्यांच्याकडून तपासून घ्यावा.