शब्दकोशाच्या ॲपमध्ये अक्षरांना कोणते रंग द्यावेत?

तुम्ही मराठी-इंग्रजी शब्दकोशाचं ॲप करताय. पुल्लिंगी शब्द निळे, स्त्रीलिंगी लाल, नपुंसकलिंगी हिरवे, उदाहरणं राखाडी, दुवे जांभळे असा बेत आहे, आणि पटकन वेगळे ओळखू येतील अशा छटा विचारताय.

आधीच सांगतो, मी लाल-हिरव्यात गंडणारा माणूस आहे. लहानपणी कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईत आईनं पिकलेले टोमॅटो निवडायला सांगितले की मी दाबून बघायचो. तुमच्या ॲपमधले स्त्रीलिंगी आणि नपुंसकलिंगी शब्द मला एकाच मातकट रंगाचे दिसणार. हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो, त्यामुळं बायकांपेक्षा पुरुषांत कितीतरी जास्त.

बरं, दोष एकट्या माझ्या डोळ्यांचा नाही. शुद्ध लाल (२५५, ०, ०) आणि नेहमीचा गडद हिरवा (०, १२८, ०) घ्या; कंसातले आकडे लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशाचं प्रमाण, ० ते २५५. पांढऱ्यावर लालाचं कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजेड-अंधाराचा फरक, ४:१, हिरव्याचं ५.१:१, आणि दोघांचं एकमेकांशी जेमतेम १.३:१. रंग काढून घेतला की दोन्ही जवळजवळ सारखेच करडे. वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात म्हणून केलेले डब्ल्यूसीएजीचे नियम साध्या मजकुराला किमान ४.५:१ मागतात, मोठ्या अक्षरांना ३:१. म्हणजे तुमचा लाल बारीक मजकुराला नापासच. राखाडीची हद्द पांढऱ्यावर (११८, ११८, ११८) इथं संपते. ११९ केलंत की गेलं.

माझे वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. कोशाचं काम आलं तरी शाई एकच, काळी. मूळ शब्द ठळक, पुढं 'पु.', 'स्त्री.', 'न.', उदाहरण लहान टायपात. वाचणाऱ्याची कधी गल्लत झाली नाही. तेव्हा लिंग रंगावर सोडू नका, ती अक्षरं राहू द्यात. पाच रंगांची रंगपंचमी झाली की कुठला रंग कशाचा हे लक्षात ठेवायला वाचणाऱ्याला आणखी एक कोश लागेल.

मी असतो तर मूळ शब्द काळा आणि ठळक, अर्थ साधा काळा, उदाहरण गडद राखाडी आणि थोडं आत सरकवून. तिरपं करू नका. देवनागरी जबरदस्तीनं तिरपी केली की मात्रा कलंडल्यासारख्या दिसतात. खरा रंग एकच, दुव्यांसाठी निळा, आणि खाली रेघ. जपानच्या मासाताका ओकाबे आणि केई इतो या शास्त्रज्ञांनी रंगदोष असलेल्यांनाही वेगळे कळतील असे आठ रंग निवडलेत. त्यातला निळा (०, ११४, १७८) पांढऱ्यावर ५.२:१ भरतो. दुसरा रंग हवाच असेल तर त्यांचाच शेंदरी (२१३, ९४, ०) आहे, पण तो ३.९:१ वर अडतो. मोठ्या शीर्षकाला चालेल, बारीक अक्षरांना थोडा गडद करून घ्या.

डार्क मोडला हेच रंग उचलून टाकू नका. शुद्ध निळा पांढऱ्यावर ८.६:१ असतो, काळ्यावर तोच २.४:१. तिथं ओकाबे-इतोंच्या आठांतलाच आकाशी (८६, १८०, २३३) घ्या. दोन मोडच्या दोन वेगळ्या याद्या ठेवाव्या लागतात, त्याला इलाज नाही.

आणि आकडा पास झाला म्हणून निवांत बसू नका. गणित सपाट रंगाचं असतं. अनुस्वार, रफार यांच्या बारीक रेघा पडद्यावर कडेनं विरतात आणि ठरवलेल्या रंगापेक्षा फिकट दिसतात. इंग्रजीला पुरलेला राखाडी त्याच मापाच्या मराठीला पुरत नाही, हा माझा अनुभव.

तपासायचं कसं? अँड्रॉइडवर बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करून डेव्हलपर ऑप्शन्स उघडा. त्यात 'सिम्युलेट कलर स्पेस' आहे. आधी मोनोक्रोमसी (सगळा पडदा करडा) लावा, मग लाल-हिरव्याचे प्रकार. करड्या पडद्यावरही मूळ शब्द, अर्थ आणि उदाहरण वेगळं कळलं तर जमलं.

मग भर दुपारी फोन घेऊन बाहेर पडा. मी बिंदू चौकात उन्हात उभा राहून बघतो. उदाहरणाच्या ओळीतल्या 'चिंता'वरचा बिंदू गायब होऊन 'चिता' वाचली जात असेल, तर राखाडी आणखी दोन पायऱ्या गडद करा.