सेलीन वाचू की ठेवून देऊ?

प्रश्न : ताई नमस्कार, सांगलीत विश्रामबागला माझं मेडिकल आहे. आमच्या वाचनकट्ट्यावर लुई-फर्दिनां सेलीन या फ्रेंच लेखकाची पहिली कादंबरी इंग्लिशमधून वाचायला घेतलीय, मस्त रंगली होती आणि एकाने सांगितलं हा तर ज्यूंचा द्वेष करणारा, नाझींच्या बाजूचा. तेव्हापासून पुस्तक पालथंच पडलंय. काय करू?

उत्तर : तुमच्या मित्राने थापा नाही मारल्या हो. १९३७, १९३८ आणि १९४१, तीन वेळा त्याने ज्यूंविरुद्ध गरळ ओकलीय, तिसऱ्यांदा तर पॅरिस जर्मनांच्या ताब्यात असताना, त्यामुळे रागाच्या भरात लिहून गेला वगैरे आपण नको म्हणायला. १९४४ ला जर्मनीत पळाला, तिथून डेन्मार्क, तिथं जेल, १९५० ला फ्रेंच कोर्टाने गैरहजेरीतच शिक्षा दिली आणि पुढच्या वर्षी माफी मिळून घरी आला.

मला खरा त्रास होतो तो वेगळ्याच गोष्टीचा. हा माणूस डॉक्टर होता, आणि १९२४ ला त्याने प्रबंध लिहिला तो सेमेलवाइस या जुन्या काळच्या डॉक्टरवर. तुम्हाला माहीत असेलच, व्हिएन्नाच्या प्रसूती वॉर्डात डॉक्टर शवविच्छेदन करून तसेच बाळंतपणाला यायचे, बायका तापाने जायच्या, सेमेलवाइसने क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले, मरणं धडाधड कमी झाली तरी मोठ्या डॉक्टरांना काही पटेना. त्या बिचाऱ्यासाठी इतका तळमळून लिहिणारा आणि नंतर पॅरिसजवळच्या क्लिशीच्या दवाखान्यात गरिबांना तपासणारा माणूसच पुढे ते विष लिहितो! मला तरी याचा मेळ लागलेला नाही.

कादंबरी मात्र वाचा. १९३२ ची आहे, गाँकूर हे फ्रान्समधलं मोठं साहित्य पारितोषिक हुकलं, रनोदो हे दुसरं मिळालं. गल्लीबोळातली बोली त्याने थेट साहित्यात आणून बसवली, लोक हादरलेच. त्यात बेबेर नावाचं पोरगं आहे, टायफॉइडने आजारी, कादंबरीचा नायक डॉक्टर बार्दामू त्याच्यासाठी बड्या संस्थेतल्या तज्ज्ञाला विचारायला जातो आणि हात हलवत परत येतो, पोरगं जातं. तेवढी पानं मी उभ्याने वाचली होती, चहा उतू गेला.

आता कट्ट्याचं म्हणाल तर, २०११ ला त्याच्या मृत्यूला ५० वर्षं झाली तेव्हा फ्रेंच सरकारने आदरांजलीच्या यादीत त्याचं नाव घातलं, आरडाओरडा झाला तसं काढलं. कादंबऱ्या मात्र दुकानात होत्या तिथंच राहिल्या. तुम्हीही वाचा, भांडा, फक्त फोटोला हार घालायचा कार्यक्रम ठेवलात तर मला बोलवू नका. आणि बेबेरपर्यंत पोचलात की कळवा, काउंटरवर चिठ्ठी घेऊन येणारं कोण आठवलं ते.