एकांकिका लिहिणारी पोरगी आणि घरच्यांची काळजी

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी अकरावी सायन्सला, आजोबा गेले तेव्हा आजीच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, ते बघून तिनं एकांकिका लिहिली, गॅदरिंगला करायची म्हणतीय आणि घरातले म्हणतात घरचं चव्हाट्यावर आणू नको. अभ्यास बुडेल ही तुमची भीती वेगळीच.

विषय तिनं उगाच नाही उचलला. आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यात हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये ह्याच प्रथेच्या बंदीचा ठराव केला. पण ठराव कागदावर असतो ओ, आणि बांगड्या फोडायला पुढं आलेला हात घरातल्याच कुणाचातरी असतो, तो कसा थांबायचा हे नाटकात दाखवता येतं. महात्मा फुल्यांनी १८५५ मध्येच 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिलं, त्यात भविष्य सांगणारे जोशीबुवा एका शेतकरी जोडप्याला कसं लुबाडतात आणि शेवटी ते दोघं शाळेत जायचं कसं ठरवतात.

तुम्ही पाठवलेली वहीची दोन पानं वाचली. नात भारी बोलते, पण बांगड्या फोडणाऱ्या आत्याला फक्त चारच वाक्यं आहेत आणि चारही ओरडण्याची. तिला म्हणावं, आत्याला पूर्ण पान दे. आत्या पण विधवाच असेल तर? तिच्या वेळी तिच्यासाठी कोण आडवं आलं होतं? ज्याच्यावर राग आहे त्याच्या तोंडी खरं वाटेल असं बोलणं लिहायला लागलं की पोरं आतून मोठी होतात, हे मी पाहिलंय.

करिअरचं म्हणाल तर सायन्स सोडायची गरज नाही. बारावीनंतर कुठल्याही शाखेतून डिग्री करत लिहिता येतं, नाटकच शिकायचं ठरलं तर शिवाजी विद्यापीठात नाट्यशास्त्र आहे, पुण्यात ललित कला केंद्र आहे. नुसत्या नाटकं लिहिण्यावर घर चालणं अवघड, हे तिला आत्ताच सांगा, बहुतेक लेखक सोबत मालिका, जाहिराती नाहीतर नोकरी करतात. परीक्षेच्या आधी महिनाभर तालीम बंद, एवढी अट घाला.

आणि गॅदरिंगच्या आधी पहिलं वाचन घरातच करा. आजींना समोर बसवा. त्या कुठल्या वाक्याला उठून आत जातात ते पोरीला बघू दे, आणि प्रयोग करायचा की नाही हे पण आजींनाच विचारा.