नवी बाईक न्यूट्रलला उभी असताना इंजिन खळखळतं, क्लच दाबला की गप्प होतं. इंजिनात बिघाड आहे का?

तुम्ही लिहिलंय त्यावरून : गाडी जेमतेम ४५० किलोमीटर चाललीय, सिग्नलला न्यूट्रलमध्ये उभी असताना डब्यात खडे हलवावेत तसा आवाज येतो, क्लच दाबला की थांबतो, वरच्या बाजूने टिकटिक वेगळीच, आणि मित्राने छातीठोकपणे सांगितलंय की बेअरिंग गेलं.

मित्राचं तूर्त बाजूला ठेवू. क्लच दाबल्यावर आवाज जातो हे तुम्ही स्वतः टिपलंत आणि अर्धं उत्तर त्यातच आहे. आवाजाच्या वर्णनाचा फारसा उपयोग नसतो. एकाची खळखळ ती दुसऱ्याची खडखड. तो कधी येतो आणि काय केलं की जातो, हे मात्र सांगता आलं तर मेकॅनिकचं निम्मं काम होतं.

तुमची गाडी एका सिलिंडरची असावी असं धरतो. अशा इंजिनात दर दोन फेऱ्यांमागे एकदाच पेट्रोल पेटतं. स्लो, म्हणजे रेस न देता इंजिन ज्या वेगाने फिरतं तो, १४०० आरपीएमला (मिनिटाला १४०० फेऱ्या) असेल तर मिनिटाला ७०० स्फोट, म्हणजे सेकंदाला साधारण बारा. प्रत्येक स्फोटाला क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतो तो इंजिनाचा मुख्य दांडा, झटक्याने पुढे पळतो आणि पुढचा स्फोट होईपर्यंत मंदावतो. आपल्याला स्लो एकसारखा वाटतो, पण आतमध्ये हे धक्के सतत चालू असतात. न्यूट्रलला क्लच सोडलेला असतो, तेव्हा गिअरबॉक्सचा आत येणारा शाफ्ट आणि त्यावरचे गिअर इंजिनासोबत फिरतात, पण ओढायला मागे काहीच वजन नसतं. दातांमध्ये मुद्दाम ठेवलेली बारीक फट असते. क्रँक पुढे पळाला की दात एका बाजूला आपटतात, मंदावला की दुसऱ्या. तीच तुमची खळखळ. क्लच दाबलात की हा सगळा भाग इंजिनापासून सुटतो आणि शांतता. चालत्या गाडीत दातांवर भार असतो, म्हणून तिथेही ऐकू येत नाही.

आता बेअरिंगचं. त्या शाफ्टचं बेअरिंग खराब असेल तर तोही आवाज क्लच दाबल्यावर जाईल, म्हणून आणखी एक गोष्ट करून बघा. इंजिन गरम असताना, न्यूट्रलमध्ये, क्लच न दाबता रेस अगदी किंचित वाढवा, २००० च्या आसपास. दातांची खळखळ असेल तर ती विरून जाते, कारण धक्के आता जवळजवळ येतात आणि क्रँक तेवढा अडखळत नाही. बेअरिंग असेल तर घरघर येते, आणि रेससोबत ती चढत जाते. दोन्हींत गल्लत होणं कठीण आहे. रेस वाढवल्यावर आवाज विरत असेल तर स्लो किती ठेवलाय तेही बघून घ्या. पुस्तिकेत दिलेल्यापेक्षा तो शंभर-दोनशे आरपीएमने कमी असला तरी खळखळ दुप्पट वाटते.

(उलटा प्रकारही असतो. डुकाटीच्या जुन्या ड्राय क्लचच्या गाड्या क्लच दाबल्यावर खणखणतात, आणि त्यांचे मालक तो आवाज कौतुकाने ऐकवतात. पण तुमच्या-माझ्या ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचने दाबल्यावर आवाज केला तर दाखवून घ्यावा.)

वरची टिकटिक बहुधा टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह (इंजिनाची हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा) दाबणाऱ्या भागांची. व्हॉल्व्ह उघडायला लावणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून ही टिकटिक भरभर पण मोजल्यासारखी एकसारखी असते आणि रेससोबत जलद होते. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यात फट ठेवावीच लागते. ती कागदाच्या जाडीएवढी, ०.१ मिलिमीटरच्या आसपास असते. नेमका आकडा मॉडेलनुसार वेगळा. इंजिन तापलं की व्हॉल्व्ह लांबतो, त्याला ही जागा लागते.

इथे माझी फजिती सांगतो. पहिली गाडी नवी असताना मला ही टिकटिक सहन होईना. एका मेकॅनिककडे गेलो, म्हटलं आवाज बंद करून द्या. त्याने टॅपेट टाईट केले आणि गाडी अशी गप्प झाली की मी दोन दिवस खुशीत होतो. आठवड्याभरात ती गरम झाल्यावर स्टार्ट व्हायला नखरे करू लागली, स्लोला आपोआप बंद पडू लागली. फट उरलीच नव्हती. व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नव्हता, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गळत होतं. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटला, म्हणजे तो बंद होताना बसतो त्या कड्याला, टेकूनच सोडतो. टेकलाच नाही तर तो जळतो. माझा थोडक्यात वाचला. तेव्हापासून टॅपेट अजिबात ऐकू येत नाहीत अशी गाडी दिसली की मला जास्त शंका येते. फट तपासायची ती इंजिन थंड असताना, फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने), पुस्तिकेतला आकडा बघून. कानाने नाही.

सकाळी स्टार्ट केल्यावर पहिले एक-दोन सेकंद करकर येऊन थांबली तर टायमिंग चेनचा (कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या आतल्या साखळीचा) टेन्शनर, म्हणजे ती ताणून धरणारा भाग, आणि खाली उतरलेलं ऑइल यांवर विषय मिटतो. गरम झाल्यावरही करकर राहिली तर टेन्शनर दाखवा. चावी फिरवल्यावरची दोन-तीन सेकंदांची गुणगुण टाकीतून इंजिनाकडे पेट्रोल ढकलणाऱ्या पंपाची. गाडी बंद केल्यावरची टिक... टिक... म्हणजे सायलेन्सरचा बेंड पाईप थंड होत आकसतोय.

इंजिन उघडण्याआधी हात लावून बघण्यासारखं बरंच असतं. पाच-सहा महिने मी एक झिणझिण आवाज इंजिनाचा समजत होतो. शेवटी स्लोवर गाडी ठेवून एकेका पत्र्यावर हात दाबत गेलो, आणि मागच्या नंबर प्लेटवर हात ठेवताच आवाज बंद. एक बोल्ट सैल होता. आतला आवाज शोधायला लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या केसिंगवर टेकवा आणि मूठ कानामागच्या हाडाला लावा, नेमकी जागा सापडते. गाडी मेन स्टँडवर आणि न्यूट्रलमध्ये असू द्या, चेन आणि बेंड पाईपपासून कपडे लांब ठेवा.

इंजिनाच्या खालच्या भागातून, खोलवरून येणारी जड ठकठक, जी रेस दिल्यावर किंवा चढावर वाढते, तिच्याबाबतीत मात्र वाट बघू नका. ऑइलचा दिवा असेल आणि स्टार्ट झाल्यावरही विझत नसेल, तरीही तेच. गाडी तिथेच बंद करा आणि टोइंग करून न्या. हळूहळू चालवत नेतो म्हणणाऱ्यांची इंजिनं मी उघडलेली पाहिली आहेत.

ऑइल बघताना गाडी सरळ उभी हवी; साइड स्टँडवर लेव्हल चुकीची दिसते. पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचंच ऑइल वापरा, आणि त्यावर जासो एमए किंवा एमए२ (ऑइलमधल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेलं असू द्या. आवाज कमी व्हावा म्हणून जाड ऑइल किंवा कारचं ऑइल टाकू नका. कारच्या बऱ्याच ऑइलमधल्या घर्षण कमी करणाऱ्या घटकांमुळे क्लच घसरतो.

पहिली सर्व्हिस बहुतेक गाड्यांना ५०० ते १००० किलोमीटरच्या दरम्यान असते, म्हणजे तुमची आलीच. तोवर स्वतः काही उघडू नका, वॉरंटीचा प्रश्न येतो. तिथे "आवाज येतो" एवढंच सांगितलं तर "सगळ्या गाड्यांना येतो" हेच ऐकायला मिळेल. म्हणून जॉबकार्डवर लिहून घ्या : गरम इंजिन, न्यूट्रल, स्लो, क्लच दाबल्यावर बंद. आणि त्याच मॉडेलची दुसरी गाडी गरम करून शेजारी उभी करायला सांगा. मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग दाखवून उपयोग नाही, माइक बारीक आवाज फुगवतो आणि मोठा दाबतो. सकाळचाच आवाज ऐकवायचा असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी तिथे सोडा.

२००० आरपीएमला खळखळ विरते की वाढते, तेवढं करून बघा आणि खाली लिहा.