वजन कमी करायला प्रोटीन बार: 20 ग्रॅम प्रोटीनवाला घ्यावा की 10 ग्रॅमवाला?

वजन कमी करायला कोणता घ्यावा म्हणून तुम्ही दोन बारचे आकडे दिलेत. पहिला 60 ग्रॅमचा, 210 कॅलरी, 20 ग्रॅम प्रोटीन, 1 ग्रॅम शुगर. दुसरा 40 ग्रॅमचा, 150 कॅलरी, 10 ग्रॅम प्रोटीन, 8 ग्रॅम शुगर आणि वर मोठ्ठं 'नॅचरल'. या दोघांतच निवडायचं तर पहिला. पण शुगर कमी आहे म्हणून नाही, ते शुगरचं आधी डोक्यातून काढा. त्या शुगरवरून आमच्या घरात एवढं रामायण झालंय की तुमचा प्रश्न बघून राहवलंच नाही.

माझा मोठा भाऊ वजन कमी करायला जिमला जायला लागला. तिथल्या ट्रेनरने त्याला एक बार चालू करून दिला, विकायचाही तोच. दादा संध्याकाळी एक खायचा, रात्रीच्या जेवणाआधी भूक लागली की अजून एक, आणि जेवण होतं तेवढंच. काटा काही जागचा हलेना. ट्रेनरला विचारलं तर म्हणे घरचं जेवण जड होतंय. झालं, दादाने आईच्या मागे लकडा लावला, तेल किती घालतेस, हे कशाला केलंस, ते कशाला केलंस. आई बिचारी त्याच्यासाठी वेगळं करायला लागली आणि तरी त्याचं ताटावर बसून तोंड वाकडंच. मला तिथे राग आला.

मी दिवसभर अकाउंट्सच बघते, बेरीज जुळली नाही की मला झोप लागत नाही. एका रात्री ताटं उचलल्यावर मी त्याच्या बारचं रॅपर उलटं केलं, अक्षर इतकं बारीक की मोबाईलचा टॉर्च लावावा लागला. पुढच्या बाजूला 'फक्त 2 ग्रॅम शुगर'. मागे फॅट 10 ग्रॅम, कार्ब 22 आणि त्यातले 14 पॉलिओल (साखरेऐवजी घालतात ते गोड पदार्थ), फायबर 4, प्रोटीन 15. आता मांडा. फॅटच्या ग्रॅमला 9 कॅलरी, झाल्या 90. प्रोटीनच्या ग्रॅमला 4, झाल्या 60. यातलं पॉलिओल माल्टिटॉल होतं, ते शुगरमध्ये धरत नाहीत पण त्या लेबलच्या हिशोबात ग्रॅमला 2.4 कॅलरी धरतात, म्हणजे 14 चे जवळपास 34. उरलेल्या 8 ग्रॅम कार्बचे 32, फायबरचे ग्रॅमला 2 धरून 8. एकूण 224. आणि पाकिटावर 224 च छापलेलं होतं! कोणी काही लपवलं नव्हतं, घरात कोणी वाचलंच नव्हतं. नाव प्रोटीन बार आणि सगळ्यात जास्त कॅलरी फॅटच्या. दोन बार म्हणजे साडेचारशेच्या आसपास, जेवणाच्या वर.

दादाचं उत्तर काय, तर नेट कार्ब, म्हणजे पॉलिओल वजा करून उरलेले कार्ब, फक्त 8 आहेत, तुला यातलं कळत नाही. हे नेट कार्बही ट्रेनरनेच शिकवलेलं. अरे, पॉलिओल वजा केले तर कागदावरचे कार्ब कमी होतात, पोटात गेलेल्या कॅलरी कशा कमी होतील? शिवाय सगळे पॉलिओल सारखे नसतात. एरिथ्रिटॉलच्या कॅलरी जवळपास शून्य, माल्टिटॉलच्या साखरेच्या निम्म्याहून जास्त, आणि माल्टिटॉलने रक्तातली साखरही वाढते, साखरेपेक्षा कमी पण वाढते. 'शुगर फ्री' लिहिलेलं असलं तरी मागे कोणतं नाव आहे ते बघाच.

तुमच्या बारकडे येते. प्रोटीनच्या आकड्याला 10 ने गुणा आणि कॅलरीशी लावून बघा, कॅलरी त्याच्या आसपास हव्यात, फार वर नकोत. पहिल्याचे 200, कॅलरी 210, ठीक आहे. दुसऱ्याचे 100, कॅलरी 150, म्हणजे तो गोड खाऊ आहे, प्रोटीन नावापुरतं. खजूर किंवा मधाची साखर नॅचरल असली तरी कॅलरी ग्रॅमला 4 च. काही पाकिटांवर आकडे अर्ध्या बारचे असतात, तेही तपासा.

मग प्रोटीन आलं कुठून ते बघा. इन्ग्रेडिएंट वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात. व्हे (दुधाच्या निवळीतलं प्रोटीन), मिल्क प्रोटीन, सोया प्रोटीन आयसोलेट वर असेल तर चांगलं. कोलॅजन किंवा जिलेटिन (जनावरांच्या कातडी-हाडांतलं प्रोटीन) वर असेल तर मी घेणार नाही, त्यात ट्रिप्टोफॅन हे लागणारं अमिनो अ‍ॅसिड नसतंच, आकडा मात्र फुगतो. वजन उतरताना स्नायू टिकावेत म्हणून तर प्रोटीन खायचं ना.

आणि खरं सांगू का, बार कोणताही घ्या, तो कशाच्या तरी बदल्यात खायचा. जेवण करून वर बार खाऊन वजन उतरणार नाही. प्रोटीन पचवण्यातच त्याच्या 20 ते 30 टक्के कॅलरी खर्च होतात हे खरंय, पण त्याचं भांडवल करून दोन बार जास्त खाल्ले तर काय उपयोग. 2019 मध्ये अमेरिकेत संशोधक केविन हॉल यांनी 20 जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं आणि दोन आठवडे साधं जेवण दिलं, समोर ठेवलेल्या जेवणात प्रोटीन, साखर, फॅट, फायबर सारखंच, तरी पॅकेटवाल्या आठवड्यांत लोकांनी रोज साधारण 500 कॅलरी जास्त खाल्ल्या. तो अभ्यास बारवरचा नाही, पण मऊ, गोड, चार घासांत संपणारी वस्तू पोटाला किती कळते याचा विचार करा.

दादाने शेवटी बार सोडले, त्या वेळेला उकडलेली अंडी नाहीतर दही खायला लागला, जेवण आईच्या हातचं पहिल्यासारखंच. वजन उतरायला लागलं. आता सगळ्यांना सांगतो की सकाळच्या चालण्याने उतरलं. चालत तर तो बार खात होता तेव्हाही होता! आईला तेलावरून जे बोलला त्याबद्दल अजून एक शब्द नाही.

बार वाईटच असतात असं मी म्हणत नाही. प्रवासात, किंवा जेवण चुकणारच असेल तेव्हा बिस्किटांपेक्षा बरा. पॉलिओलवाले एकदम दोन-तीन खाऊ नका, पोट बिघडतं. किडनीचा त्रास असेल तर प्रोटीन वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा. घरात कुत्रा असेल तर झायलिटॉलवाला (हाही एक पॉलिओल) बार त्याच्या तोंडाशी येऊ देऊ नका, कुत्र्यांना ते विष आहे.

पहिल्या बारच्या मागची इन्ग्रेडिएंट लिस्ट दिली नाहीये तुम्ही. पहिली पाच नावं टाका, बघून सांगते.