मेम्ब्रेनला पटल म्हणावे की पडदा?

प्रश्न असा आहे: ‘ॲन्टिबॅक्टेरिअल हायड्रोजेल मेम्ब्रेन फॉर टिश्यू रीजनरेशन’ याला ‘ऊतींच्या पुनरुत्पादनासाठी प्रतिजैविक जलश्लेष पटल’ म्हटले तर चालेल का?

मला हे पटत नाही. सर्वांत आधी ‘प्रतिजैविक’ काढा. तो शब्द मराठीत पेनिसिलिनसारख्या औषधांसाठी रूढ आहे, आणि जखमेच्या जागी नवी ऊती वाढावी म्हणून लावायच्या या पडद्यांत (मेम्ब्रेनमध्ये) पुष्कळदा तसले औषध नसतेच. चांदीचे आयन असतात, किंवा कोळंबी-खेकड्यांच्या कवचांतून मिळणाऱ्या कायटिनपासून केलेले कायटोसान असते. कायटोसानच्या रेणूवर धनभार येतो, जीवाणूच्या पृष्ठभागावर ऋणभार असतो. रेणू तिथे चिकटतो आणि जीवाणूचे पेशीपटल विस्कटते. याला ‘जीवाणुरोधी’ म्हणावे. जीवाणू मरतात अशी खात्री असेल तिथेच ‘जीवाणुनाशक’.

हायड्रोजेल तसेच राहू द्या. ‘जलश्लेष’ वाचून कफच आठवतो. 1960 साली विख्तेर्ले आणि लिम या चेक रसायनज्ञांनी शरीरात वापरता येतील अशा जेलवर निबंध लिहिला, त्यातूनच पुढे मऊ कॉन्टॅक्ट लेन्स आली. पाणी धरून ठेवणारे, पण पाण्यात न विरघळणारे बहुवारिकांचे (पॉलिमरचे, म्हणजे लांब साखळीच्या रेणूंचे) जाळे, एवढा अर्थ एकदा सांगितला की शब्द आपला होतो.

आता ‘पटल’. दृष्टिपटल, मध्यपटल, पेशीपटल ही सगळी शरीराची स्वतःची. वर मी जीवाणूचे पेशीपटल म्हटले. आता ‘हे पटल ते पटल फाडते’ असे वाक्य लिहून पाहा, वाचणारा गोंधळेल. ‘पापुद्रा’ सुटतो, तो कोरडा. मला ‘पडदा’ आवडतो, कारण पडदा झाकतो आणि दोन बाजू वेगळ्याही ठेवतो. हिरड्यांच्या शस्त्रक्रियेत त्याचे काम नेमके हेच असते: हिरडीच्या पेशी भराभर वाढून मोकळी जागा व्यापतात, त्यांना अडवायचे, म्हणजे सावकाश वाढणाऱ्या हाडाला अवसर मिळतो.

‘पुनरुत्पादन’ म्हटले की मराठी वाचकाला प्रजनन आठवते. पालीची तुटलेली शेपटी पुन्हा येते, त्याला ‘पुनर्जनन’ हा शब्द आहे, तोच घ्या. ‘जखम भरणे’ त्याहून वेगळे: जखम भरते तेव्हा बरेचदा व्रण राहतो, म्हणजे मूळ ऊतीच्या जागी नुसते ठिगळ. गंमत अशी की सुश्रुतसंहितेत ‘व्रण’ म्हणजे जखमच. तिथे जखमेचे आधी शोधन, मग रोपण. म्हणजे स्वच्छ करणे आणि भरून आणणे. या पडद्याकडून अपेक्षा याच दोन कामांची आहे, इतका तो जुना जोडशब्द चपखल. पण आज ‘रोपण’ म्हटले की दंतरोपण आणि मूत्रपिंडरोपण डोळ्यांपुढे येते, त्यामुळे मनात असूनही तो सुचवत नाही.

तेव्हा शास्त्रीय लेखात ‘ऊतींच्या पुनर्जननासाठी जीवाणुरोधी हायड्रोजेल पडदा’ लिहावे. सर्वसामान्य वाचकांसाठी ‘जंतूंना थोपवून नवी ऊती वाढू देणारा ओलसर पडदा’ पुरेल. पडद्यात खरोखरच औषध मिसळलेले असेल, तर मात्र ‘प्रतिजैविकयुक्त’ लिहा.