टॉवरसमोरचं नदीकाठचं सार्वजनिक उद्यान रहिवाशांचं खासगी अंगण होऊ नये म्हणून डिझाइनमध्ये काय करतात?

मधे रस्ता घालतात. साधा, सगळ्यांचा रस्ता.

न्यूयॉर्कला ब्रुकलिनमध्ये ईस्ट रिव्हरच्या काठी डॉमिनो साखर कारखान्याच्या जागेवर टॉवर उभे राहिले आणि २०१८ मध्ये डॉमिनो पार्क खुलं झालं. टॉवर आणि उद्यान यांच्यामधून रिव्हर स्ट्रीट पुढे वाढवला. त्यामुळे लॉबीचं दार थेट हिरवळीवर उघडत नाही आणि बाहेरून आलेल्याला कुणाच्या दारात बसल्यासारखं वाटत नाही. इमारती मागे सरकल्याने पुराच्या पाण्यालाही आधी उद्यानच लागतं (२०१२ चं सँडी वादळ तिथे कोण विसरेल!).

कारखान्याच्या क्रेन, पाकाच्या टाक्याही तिथेच ठेवल्यात. मुलांची खेळायची जागासुद्धा साखर कारखान्यासारखीच.